बिल न होणारं लिखाण

मी जळगावात राहते आणि लिहून पोट भरते. नोकरी नाही. जे काम येईल ते घ्यायचं, लिहून द्यायचं, बिल पाठवायचं आणि पैसे येईपर्यंत पुढचं काम धरायचं, असं बरीच वर्षं चाललं आहे. ठिबकच्या संचांची माहितीपत्रकं, बियाण्यांच्या पाकिटावरचा मजकूर, पतसंस्थेच्या अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत, शाळेची स्मरणिका, निवृत्त माणसांची आत्मचरित्रं, इंग्रजीतून भाषांतरं. काही कामं मनाची असतात. धुळ्याच्या एका चमूसाठी छोट्या विनोदी प्रसंगांचे अहिराणी संवाद लिहिते, इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेसाठी दोन अंकी नाटक लिहायला घेतलं आहे, लहान मुलांच्या गोष्टी चालू आहेत. या सगळ्यात कोणी न सांगितलेलं, फक्त माझं असं लिखाण पार थांबलं होतं. ते परत सुरू झालं. कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण लिहून कमावणारी जी जी माणसं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांचं हेच थांबलेलं असतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. आमच्या जिल्ह्यात संमेलन म्हणजे घरचं कार्य. 1936 ला जळगावला झालं, 1952 ला अमळनेरला, 1984 ला पुन्हा जळगावला, आणि मग एवढ्या वर्षांनी हे. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं, आणि बरीच मंडळी दोन्हीकडे जाऊन येत होती. मीही गेले. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी कॉलेजातल्या आमच्या बाई भेटल्या. "सध्या काय लिहितेस?" त्यांनी विचारलं. मी एकेक काम सांगत गेले. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान चाललंय गं तुझं. पण पूर्वी तू ते पाठवायचीस ना आम्हाला, नदीबद्दल, तुमच्या गल्लीबद्दल, ते मी सगळं ठेवलंय." एवढं बोलून त्या पुढच्या गाळ्याकडे गेल्या.

ते म्हणजे साधी स्फुटं होती. गिरणा नदीला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की काठच्या गावात काय काय होतं, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या बायका दुपारी कशावर बोलतात, भरिताच्या पार्टीला वांगी भाजताना पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ कोण सांभाळतं, असलं काहीही. सुचलं की लिहायचं आणि आपल्या माणसांना पाठवायचं. कामं वाढत गेली तसं ते मागे पडलं. एखाद्या दिवशी ठरवून बंद केलं असं झालं नाही, त्यामुळे ते बंद आहे हेही बरेच दिवस जाणवलं नाही.

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आलेच. 1924 ते 1930 ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती. शाळेत ती आपल्याला त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात. या वेळी अमळनेरहून परत येताना मी तिच्याकडे लिहिणारीच्या नजरेने बघितलं. दिवसभर वर्ग, संध्याकाळी मुलांची आजारपणं आणि भांडणं, आणि त्यातून रोज एक अंक. वाचणारे कोण, तर शेजारच्या खोल्यांतली पोरं. मोठ्या वाचकवर्गाची गरज त्या माणसाला लिहिण्यासाठी नव्हती. मला आधी पाच-सहा माणसं पुरत होती, मग आता का पुरू नयेत, असं वाटलं आणि घरी येऊन बसले.

बसले, पण जमेना. इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण नेमकं काय जमत नव्हतं ते कळायलाच मला बराच वेळ लागला.

पहिला विषय कानबाई या आमच्या देवीच्या रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा घेतला. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात, धान्य दळलं जातं, पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं घर धुरानं आणि माणसांनी भरून जातं. मला हे आतून माहीत आहे. लिहायला घेतलं तर मजकूर भराभर आला, एका बैठकीत दोन पानं झाली. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा ते सगळं व्यवस्थित होतं. सुरुवातीला खान्देशाची ओळख, मधे सणाची माहिती, आणि शेवटी हे वाक्य: "अशा परंपरांमुळेच समाज एकसंध राहतो आणि नव्या पिढीने त्या जपणे ही काळाची गरज आहे." हे वाक्य माझ्या हातानं किती स्मरणिकांत गेलं असेल. त्या कामात ते चुकीचं नसतं. स्मरणिकेला ते हवं असतं, संपादक मंडळाला ते हवं असतं, आणि पैसे घेऊन लिहिणाऱ्या माणसानं ते नीट लिहून द्यावं असं मला आजही वाटतं. पण इथे ते कोणी मागितलं नव्हतं. तरी ते आलं.

शेवटचा परिच्छेद काढून टाकला. मग पहिला वाचला, तोही तसाच होता, कोणाला तरी खान्देश समजावून सांगणारा. मी ज्यांना पाठवणार होते त्यांना खान्देश समजावायची काय गरज, ती तर इथलीच. तोही काढला. मधली माहिती उरली आणि ती इतकी सपाट होती की माहितीपत्रकाला चालली असती.

दुसरी अडचण याहून खोल होती. त्या आधी बरेच महिने मी एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र लिहून देत होते. शिंदखेड्याकडचे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणायचे. नाना बोलायचे, मी टिपायचे, रात्री रेकॉर्डिंग ऐकून त्यांच्या शब्दांत उतरवायचे. अशा कामात सगळं कसब एकाच गोष्टीत असतं, ते म्हणजे "मी" त्यांचा वाटला पाहिजे. मी अनवाणी शाळेत जायचो. मी वडिलांना म्हणालो. मी तेव्हा पहिल्यांदा धुळे बघितलं आणि घाबरलो. हे इतकं अंगवळणी पडलं की स्वतःचं लिहायला घेतल्यावर "मी गेले", "मी म्हणाले" अशी क्रियापदं कागदावर परकी दिसायला लागली. मराठीत बऱ्याच वाक्यांत आपण बाई की पुरुष ते सांगावंच लागतं, त्यातून सुटका नाही. नानांचा "मी" माझ्या हातात बसला होता आणि माझा कुठे तरी बाजूला जाऊन उभा होता.

म्हणून मी काही दिवस "मी" नसलेलंच लिहिलं. अंगणात काय पडलंय, भाजीवाल्यानं आज कुठल्या गावची मेथी आणली, शेजारच्या काकू बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना कोणाला हाका मारतात. वस्तू आणि माणसं. मत नाही, निष्कर्ष नाही, आठवणसुद्धा नाही. याचा उपयोग झाला. लिहिण्याचा हात मोकळा झाला, आणि मुख्य म्हणजे कशाला तरी उपयोगी पडायची वाक्यांची सवय हळूहळू सुटली.

मग परत कानबाईकडे आले. माय शेजारी बसून लसूण सोलत होती. तिला मी रोटाच्या धान्याबद्दल विचारत होते, कारण ते मोजमाप मला नीट आठवत नव्हतं. तिनं सांगितलं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. मी लिहीत होते आणि लिहिता लिहिता थांबले.

"माय, आपली मूठ?"

"आपली नही ऱ्हास," म्हणजे आपली नसते, असं ती म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघत आले आहे. पण विचारलं नव्हतं कधी. दळायला आम्ही, चाळायला आम्ही, पुरण घालायला आम्ही, आणि ज्या धान्यातून हे सगळं होतं त्यात आमच्या नावाचा दाणा नाही. मी हे जसंच्या तसं लिहिलं. मायचं वाक्य, लसूण, तिची मान खाली होती ते. त्यावर टिप्पणी केली नाही. तिथे "मी विचारलं" हे वाक्य लिहावंच लागलं, कारण विचारणारी मीच होते, आणि त्या वाक्यात माझा "मी" परत आला. त्या दिवसापासून पुन्हा अडलं नाही असं म्हणणार नाही, पण अडलं की काय करायचं ते कळलं: ज्या ठिकाणी मी खरोखर उभी होते तिथे जाऊन उभं राहायचं.

आता वहीबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कामासाठी मी दोनशे पानी आखीव वही वापरते. प्रत्येक कामाला वेगळी. पूर्वी दोन्ही पानांवर लिहायचे. आता उजवं पान कामाचं आणि डावं पान माझं. कामावर गेल्यावर दोन्ही उघडीच असतात. समोरचा बोलतोय त्यातलं माहितीपत्रकाला लागणारं उजवीकडे जातं. बाकी जे दिसतं, ऐकू येतं, पण ज्याचा त्या कामाला काही उपयोग नाही, ते डावीकडे.

एक उदाहरण देते. केळीच्या खत व्यवस्थापनावर माहितीपत्रक लिहायचं होतं म्हणून रावेर तालुक्यात एका बागेत गेले होते. उजव्या पानावर नेहमीचं: मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग पावसाळ्यानंतरची, लागवड पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी 1,742 झाडं, निसवणीआधी, म्हणजे घड बाहेर पडण्याआधी, काय द्यायचं, नंतर काय, ठिबकमधून किती. बागेच्या त्या टोकाला कापणी चालू होती. एक जण विळ्यानं खोडावर तिरका वार करायचा, झाड कमरेत वाकायचं, घड हळूहळू खाली यायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर टेकायचा. मग दांडा कापला जायचा आणि तो माणूस घड घेऊन सऱ्यांमधून बांधाकडे चालू लागायचा. खांद्यावर जुन्या गोधडीची घडी. कापलेल्या दांड्यातून चीक गळत असतो. ओला असतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट होतो आणि कापडावरून कशानंही जात नाही. त्या माणसाचा शर्ट एकेकाळी निळा होता. डावी बाजू अजून निळीच होती. उजवा खांदा, कॉलरची उजवी बाजू आणि पाठीचा वरचा भाग पार काळा, कडक, जाड झालेला. घड तो नेहमी उजव्याच खांद्यावर घेत असणार. दुपारी जेवायला बसताना त्यानं तो शर्ट काढून खोलीतल्या खिळ्याला अडकवला. मी विचारलं, घरी नेत नाही का? म्हणाला, "नाही ताई, हा इथंच राहतो. घरी याला दुसऱ्या कपड्यात कोणी मिसळू देत नाही."

हे सगळं डाव्या पानावर. माहितीपत्रकात कापणीला एक ओळ होती: "घड तीन-चतुर्थांश पक्व झाल्यावर कापणी करावी." शर्टाला तिथे जागा नव्हती आणि असूही नये. पण गावी परतताना एसटीत मी ते डावं पान दोनदा वाचलं. मला केळीबद्दल आयुष्यात काय लिहायचं होतं तर ते हे. त्या शर्टावर मी नंतर जे लिहिलं ते मला आजवरच्या लिखाणात फार जवळचं आहे.

यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्वतःच्या लिखाणासाठी बाकीची कामं सोडावी लागतात, असं आपल्याकडे समजतात. पैसे साठवावे, सहा महिने सुट्टी घ्यावी, कुठे तरी शांत जागी जाऊन बसावं. मला ते पटत नाही. मी घरी बसून राहिले असते तर त्या बागेत कशाला गेले असते? नानांच्या ओसरीवर कशाला बसले असते? काम मला अशा दारांत नेऊन सोडतं जिथे माझं स्वतःहून जाण्याचं काही कारण नाही. फक्त तिथून परत येताना दोन पिशव्या आणाव्या लागतात.

वेळेचं थोडक्यात सांगते. पहाटे उठून आधी स्वतःचं लिहावं, असा सल्ला सगळे देतात. माझ्या घरी पहाट पाण्याची असते आणि मायच्या गोळ्यांची. मला सापडली ती दुपार. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. एक वाजला की बाजारात शटर अर्धी खाली येतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि चार वाजेपर्यंत कुठल्याही कार्यालयातून फोन येत नाही. आला तर तो बाहेरगावचा. पडदे ओले करून लावायचे, कूलरमध्ये पाणी भरायचं, कूलरच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही. तीन तास कोणाचीही नसलेली वेळ. आमचा उन्हाळा सगळे शिव्या घालून काढतात, मी गेल्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त लिहिलं. पावसाळा लागल्यावर दुपार पुन्हा कामाची झाली आणि मला संध्याकाळचा एक तास भांडून घ्यावा लागतो आहे.

आता जरा रुक्ष विषय, पण तो टाळता येत नाही. डाव्या पानावरचं ते माझं का? ज्यांच्या कामासाठी गेले, ज्यांनी गाडीभाडं दिलं, त्यांचा त्यावर हक्क नाही का? हा प्रश्न मला एका मैत्रिणीनं विचारला आणि मग मी नीट वाचून काढलं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 17 प्रमाणे लिहिणारा हाच लिखाणाचा पहिला मालक. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलं, तर वेगळी बोली नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याची. माझ्यासारखी माणसं नोकरीत नसतात. त्यामुळे आपण सही करून लेखी दिल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत, ते कलम 19 मध्ये आहे. त्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरती. आणि कायदा मांडणीला संरक्षण देतो, माहितीला किंवा घडलेल्या गोष्टीला नाही. एकरी किती झाडं ही कोणाची मालमत्ता नसते.

प्रत्यक्षात काय होतं, तर एक पानी करार समोर येतो आणि त्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं लिहिलेलं असतं. पूर्वी मी सही करून द्यायचे. आता एक वाक्य वाढवून मागते: हक्क फक्त सादर केलेल्या अंतिम मजकुरापुरते, टिपणं आणि निरीक्षणं लेखिकेची. आश्चर्य म्हणजे आजवर एकाच ठिकाणी यावरून वाद झाला. बाकीच्यांनी वाचलं आणि हो म्हणाले. लिहिणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य मागून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

नानांच्या बाबतीत मात्र मी कायदा बाजूला ठेवला. त्यांनी मला अशा दोन गोष्टी सांगितल्या ज्या पुस्तकात नको म्हणाले. त्या माझ्या डाव्या पानावर आहेत. कायद्यानं कदाचित मला त्या लिहिता येतील, नाव न घेता, गाव बदलून. पण ते पान मी वहीतून कापून वेगळं ठेवलं आहे. माणूस विश्वासानं बोलतो तेव्हा दोन्ही पानं त्याचीच असतात.

बाकी कामांवर याचा काय परिणाम झाला? धुळ्याच्या चमूला तीन मिनिटांत हशा हवा असतो आणि मला तो द्यायला आवडतो. अहिराणीतले विनोद मायकडून, मावशीकडून कानावर पडलेले असतात. पण आता त्या संवादांत मधेच एखादं पात्र गप्प बसतं. दिग्दर्शक पहिल्यांदा म्हणाला, "ताई, इथं पंच नाही." मी म्हटलं, करून तर बघ. केलं, आणि तो तुकडा त्यांनी ठेवला. नाटकातही फरक पडला. पहिला अंक मी राज्य नाट्य स्पर्धेचं जळगाव केंद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता, परीक्षकांना काय दिसेल, पडदा कुठे पडेल, टाळी कुठे येईल. दुसरा अंक लिहिताना घड वाहणारा एक माणूस त्यात आला. तो फार बोलत नाही. पहिल्या अंकाशी त्याचा सांधा अजून नीट बसलेला नाही, आणि त्यासाठी पहिला अंक पुन्हा लिहावा लागणार असं दिसतं. मंडळी थोडी नाराज आहेत. तालमी लांबल्या तर हॉलच्या तारखा जातात, त्यांचंही बरोबर आहे.

पैशांचा हिशेबही सांगायला हवा. उन्हाळ्यात एक स्मरणिका मी नाकारली, कारण ती घेतली असती तर दुपार गेली असती. ती चांगल्या पैशांची होती. माझी बिलं बहुतेक ठिकाणी 10 टक्के टीडीएस कापून येतात, तीही दोन-तीन महिन्यांनी, काही ठिकाणी दिवाळी उलटून गेल्यावर. अशा कमाईत एक काम सोडणं जाणवतं. माय सगळं बघत असते. एक दिवस चहा ठेवताना तिनं विचारलं, "हाई लिखानना पैसा कोन दी वं?"

"कोनी नही, माय."

ती काही बोलली नाही. पण त्यानंतर दुपारी कूलरमध्ये पाणी तीच भरून ठेवायला लागली.

लिहून झालेलं मी आधी तिलाच वाचून दाखवते. तिला लिहिता-वाचता येतं, पण ऐकायला जास्त आवडतं. वाचताना मी तिच्या हाताकडे बघते. हात थांबला की तो भाग चांगला. ती मेथी निवडायला लागली की तिथे मी काही तरी समजावून सांगते आहे, हे कळतं. मग तो भाग जातो. तिच्यानंतर कॉलेजातल्या बाईंना आणि आणखी चार-पाच जणांना पाठवते. बाई प्रत्येक वेळी एखादी ओळ लिहून कळवतात, कधी नुसतं "मिळालं". मला तेवढं पुरतं. दिवाळी अंकाला दे, असं दोघं-तिघं म्हणाले. शर्टाचा लेख कदाचित देईनही, पण अंकासाठी म्हणून लिहायला बसायचं नाही, हे ठरवलं आहे. तसं बसले की पहिला आणि शेवटचा परिच्छेद परत येतील.

शर्टाचा लेख मी त्या घड वाहणाऱ्या भाऊंनाही पाठवला, त्यांच्या मुलाच्या फोनवर. त्यांना न दाखवता तो दुसऱ्या कोणाला पाठवणं मला बरोबर वाटलं नसतं. मुलगा फैजपूरला कॉलेजला आहे. त्यानं संध्याकाळी घरी सगळ्यांना वाचून दाखवला आणि मग फोन केला. म्हणाला, "ताई, पप्पा म्हणतात बरोबर लिहिलंय. पण तुम्ही उन्हाळ्यात आल्या. पावसात काय होतं ते नाही बघितलं. काळ्या जमिनीत पाय रुततो, घड खांद्यावर असतो, आणि घसरलं तर आधी घड सांभाळायचा का पाय, ते त्यात नाही." मागून भाऊंचा आवाज आला, "त्यांना म्हणा, या एकदा. सावद्याला गाडी भरतात तेही बघा, रात्रीचं."

म्हणून पुढच्या आठवड्यात पाऊस असेल तरच जायचं ठरवलं आहे, एरवी आपण उलट ठरवतो. या वेळी माहितीपत्रक नाही, गाडीभाडं माझं. नाट्यसंस्थेला सांगितलं आहे की पहिला अंक चार दिवस उशिरा मिळेल, आणि एका भाषांतराची तारीख पुढे ढकलून घेतली आहे. रबरी बूट मात्र घ्यायचे राहिलेत. भाऊंचा मुलगा म्हणतो बूट काळ्या मातीत अडकून बसतात, अनवाणीच या.